पीसीओएससाठीची प्रोबायोटिक-जस्त कॅप्सूल: तीन महिन्यांच्या वापरानंतर

एप्रिल महिन्यात म्हापशातील एका औषधाच्या दुकानातून मी ही बाटली घेतली. तीस कॅप्सूलची किंमत ११४० रुपये. कंपनीचे नाव देत नाही, कारण याच धर्तीची आणखी उत्पादने बाजारात आहेत आणि मुद्दा केवळ एका कंपनीचा नाही. प्रत्येक कॅप्सूलमध्ये तीन प्रकारचे उपयुक्त जिवाणू, १२ मिलिग्रॅम जस्त, ४० मायक्रोग्रॅम सेलेनियम आणि थोडे क्रोमियम आहे, आणि वेष्टनावर ‘पीसीओएसच्या मुळावर उपाय’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. पीसीओएस म्हणजे बीजांडकोशाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड, ज्यात पाळी अनियमित होते.

या ‘मुळा’विषयी आधी लिहायला हवे. आतड्यातील सूक्ष्मजीवांचा समतोल बिघडला की आतड्याचे अस्तर झिरपू लागते, जिवाणूंच्या कवचातील विषारी अंश रक्तात उतरतात, त्यातून सौम्य दाह व इन्सुलिनला प्रतिरोध निर्माण होतो आणि वाढलेल्या इन्सुलिनमुळे बीजांडकोश जास्त अँड्रोजेन (पुरुषी संप्रेरके) तयार करू लागतात, अशी मांडणी केल्टन ट्रेमेलेन आणि कर्मा पिअर्स या संशोधकांनी २०१२ मध्ये केली. पण ती गृहीतक म्हणूनच. २०१९ मध्ये चिनी संशोधकांना पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या आतड्यात बॅक्टेरॉइड्स व्हल्गेटस हा जिवाणू अधिक आढळला, आणि तो उंदरांना दिल्यावर त्यांच्यात इन्सुलिनचा प्रतिरोध व बीजांडकोशातील बिघाड दिसला. हे महत्त्वाचे आहेच, मात्र उंदरात एक जिवाणू घालून बिघाड घडवणे आणि बाईला दुसरे तीन जिवाणू देऊन तो दुरुस्त करणे यांत मोठे अंतर आहे, आणि वेष्टनाने ते एका ओळीत पार केले आहे.

जस्ताचा दावा त्या मानाने समजण्यासारखा आहे. स्वादुपिंडात इन्सुलिन साठवले जाते ते जस्ताच्या आधाराने, सहा-सहा रेणूंच्या जुडग्यांत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला १३.२ मिलिग्रॅम जस्त लागते, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये जवळजवळ दिवसाची गरज भागते. पण श्रावण सोडला तर आमच्या ताटात मासळी असतेच, अधूनमधून तिसऱ्या (शिंपले) असतात, आणि सेलेनियमसाठी समुद्राची मासळी उत्तम. धान्यातील फायटेट हे संयुग जस्त अडवून धरते हे खरे, पण पीठ रात्रभर आंबवून पोळे केले की ते बरेच कमी होते. सासूबाईंना हे कोणी शिकवले नव्हते.

आता वापराविषयी. पत्रकात कॅप्सूल उपाशीपोटी घ्यावी असे लिहिले आहे, आणि ही सूचना जिवाणूंच्या सोयीची असावी. जस्त मात्र रिकाम्या पोटी मळमळ आणते. पहिल्याच आठवड्यात म्हापशाहून पणजीला जाणाऱ्या कदंबच्या बसमध्ये, पर्वरीची चढण लागताच मला तोंडावर रुमाल धरावा लागला. न्याहारीनंतर घेऊ लागल्यावर त्रास थांबला. एका कॅप्सूलमध्ये दोन वेगळ्या स्वभावाचे घटक कोंबल्यावर वेळ कोणाची पाळायची, याचा विचार झालेला दिसत नाही.

साठवणुकीची गोष्ट याहून वाईट. बाटलीवर २५ अंशांखाली ठेवण्याची सूचना आहे, आणि दुकानात ती दुपारचे ऊन येणाऱ्या काचेच्या फळीवर उभी होती. जिवाणूंची संख्या दहा अब्ज छापली आहे, पण ती उत्पादनाच्या वेळची. मुदत संपेपर्यंत किती जिवंत राहतील याचा उल्लेख नाही. जूनमध्ये पाऊस लागला आणि तिसऱ्या बाटलीतील अकरा कॅप्सूल एकमेकींना चिकटून बसल्या. दुकानदाराने बाटली परत घेतली नाही. जिवाणूंचे नेमके वाण (जातीतील उपप्रकार) कोणते, असे मी कंपनीला विचारले, कारण एका वाणाचा गुण दुसऱ्याला लागू होत नाही. उत्तरादाखल पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचा संदेश आला.

परिणाम सांगायचा तर पूर्वी पन्नास दिवसांवर जाणारी पाळी या काळात दोनदा चाळीस दिवसांच्या आसपास आली. परंतु याच तीन महिन्यांत मी रोज संध्याकाळी पाऊण तास चालत होते आणि डॉक्टरांनी दिलेले मेटफॉर्मिन हे इन्सुलिनचा प्रतिरोध कमी करणारे औषधही चालू होते, जे स्वतःच आतड्यातील जिवाणूंवर परिणाम करते. त्यामुळे श्रेय कॅप्सूलला द्यायला मी तयार नाही. चौथी बाटली घेतली नाही. चालणे आणि मेटफॉर्मिन चालू आहे.