मार्केट यार्ड, मंडई की कोपऱ्यावरची गाडी: पुण्यात घरचा भाजीखर्च नेमका कुठे उतरतो?

भाजी महागली की घरात कोणीतरी म्हणतंच, "एकदा गुलटेकडीला जाऊन महिन्याचं भरून आणू." गुलटेकडी म्हणजे पुण्याचा घाऊक बाजार, मार्केट यार्ड. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. आमच्या सोसायटीतली पाच घरं मिळून गेली काही वर्षं मार्केट यार्डातून माल आणतो, आणि तरीही मेथी-कोथिंबीर मी कोपऱ्यावरच्या मावशींकडूनच घेते. असं का, ते हिशेबासकट सांगते. तुमचं घर यात कुठे बसतं ते तुम्हीच ठरवा.

आधी भाव वाचायचा कसा ते बघू. पेपरात यार्डाचे भाव येतात ते फळभाज्यांचे दहा किलोचे आणि पालेभाज्यांचे शेकड्याचे, म्हणजे शंभर जुड्यांचे. कांदा 200 छापला असेल तर तो 20 रुपये किलो झाला. हा आकडा बघून कोपऱ्यावरच्या 35 चा राग येतो. पण छापलेल्या भावात आपल्याला माल मिळत नाही. 2016 पासून फळं-भाज्यांची अडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशेबातून) कापायची बंद झाली आणि ती खरेदीदारावर आली. ते योग्यच झालं. त्यावर हमाली आणि तोलाई. म्हणून मी 20 चा कांदा मनात 22 धरूनच निघते.

आता आमच्या एका खेपेचा हिशेब मांडते. भाव रोज हलतात, तेव्हा आकडे नमुन्याचे समजा. कांद्याचं 50 किलोचं पोतं: यार्डात सगळं धरून 22, कोपऱ्यावर 35, म्हणजे वाचले 650. बटाटा 25 किलो, किलोमागे 11 रुपये सुटले: 275. लसूण 10 किलो, 120 आणि 180 मधला फरक: 600. टोमॅटोचं एक क्रेट, साधारण 20 किलो, 18 आणि 30: 240. एकूण 1,765. टेम्पोरिक्षाचे 400 गेले, उरले 1,365. पाच घरांत प्रत्येकी 273 रुपये. कांदा-लसूण महिना-दीड महिना पुरतो, टोमॅटो दहा दिवसांत संपतात. हे पैसे खरेच वाचतात, पण अर्ध्या किमतीत महिना निघतो असं कोणी सांगत असेल तर त्याने टेम्पोचं भाडं धरलेलं नाही.

हेच क्रेट एकट्या घराने घेतलं तर काय होतं ते मी बघितलंय. सुरुवातीला एकदा मी एकटीच 20 किलो टोमॅटो घेऊन आले, 360 रुपयांना. वरचा थर लालबुंद, देखणा. तिसऱ्या दिवशी क्रेटच्या तळाशी हात घातला तर बोटं थेट लगद्यात गेली. वरच्या वजनाने खालचे पिचले होते आणि त्यांच्या पाण्याने शेजारचेही गेले. आठवड्याभरात आठ किलो टाकले. उरलेले बारा किलो 360 ला, म्हणजे 30 रुपये किलो. कोपऱ्यावर भाव तोच होता, आणि तिथे मी एक-एक टोमॅटो निवडून घेतला असता. शेतकऱ्याने एवढ्या कष्टाने पिकवलेली वस्तू कचऱ्याच्या डब्यात टाकताना जीव कळवळतो तो वेगळाच.

म्हणून यार्डातून आणायचा तो टिकणारा माल. कांद्यातही फरक बघा. पावसाळ्यानंतर येतो तो हळवी कांदा, लाल, पाणीदार. तो पंधरा-वीस दिवसांच्या वर धरू नका. मार्च-एप्रिलपासून येणारा गरवी कांदा, ज्याला गावरान म्हणतात, तो चार महिने सहज राहतो. घेताना त्याची मान बघा: सुकून मिटलेली हवी. मान जाड आणि ओली असेल तर तिथूनच कोंब फुटतो. पोत्याचा तळ हाताने चाचपा, दमट लागला तर दुसरं पोतं मागा. घरी आल्यावर पोतं सोडून कांदा पसरायचा, आणि बटाटा त्याच्याजवळ ठेवायचा नाही. लसणाचं भरण नवा माल वाळून आला की, उन्हाळ्याच्या तोंडाशी. आलं सातारी मिळालं तर बघा, पण थोडंच घ्या, ते सुकतं.

मटार हा यातला अपवाद. तो टिकत नाही, पण थंडीत पुरंदर, पारनेर, वाई-साताऱ्याकडचा आणि मध्य प्रदेशातला मटार एकदम यार्डात उतरतो आणि भाव कोसळतो. तेव्हा आम्ही एक पोतं आणतो आणि पाच घरच्या बायका, पोरं, एक आजोबा असे गच्चीवर सोलायला बसतो. किलोभर शेंगांतून निम्म्याहून कमी दाणे निघतात, हे भाव करताना लक्षात ठेवा. दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, फडक्यावर कोरडे करून पिशव्या भरून फ्रीझरमध्ये. होळीपर्यंत पुरतात.

पालेभाजीचं गणित मात्र जमत नाही. शेकडा 800 असेल तर जुडी आठ रुपयांना पडते, कोपऱ्यावर पंधराला. पण शंभर जुड्या कोण नेणार? यार्डातच शेकडा फोडून चार-पाच जुड्या विकणारे भेटतात, तिथे दहाला मिळते. आठवड्याला तीन जुड्या लागत असतील तर पंधरा रुपये वाचले, त्यासाठी गुलटेकडी गाठायची गरज नाही. शिवाय यार्डात किरकोळ विक्रीवर बाजार समितीची कारवाई अधूनमधून होते. गेलात आणि कोणी सुटं दिलंच नाही, असंही होतं.

जायचं तर पहाटे जा. शनिवारी भाजीपाल्याला सुट्टी असते, रविवारी आवक सगळ्यात मोठी आणि गर्दीही. माल हवा तसा निवडायचा तर सहाच्या आत पोचावं लागतं. दहानंतर उरलेला नाशवंत माल स्वस्त सुटतो, पण तो त्याच दिवशी शिजवायचा असेल तरच घ्या. पोतं उचलणाऱ्या हमालाशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. 50 किलो पाठीवर घेऊन चिखलातून टेम्पोपर्यंत चालायचं काम आहे ते. पुण्याच्या हमाल पंचायतीने चालवलेल्या 'कष्टाची भाकर'मध्ये पोटभर खाऊन मग घरी या.

मंडई वेगळी. 1886 पासून उभी असलेली महात्मा फुले मंडई हा किरकोळ बाजार आहे, घाऊक भावाची अपेक्षा धरून जाऊ नका. पण एकाच छपराखाली पन्नास गाळे असले की भाव एकमेकांना धरून राहतात, आणि निवड अशी की कोपऱ्यावर कधी न दिसणारी सुरणाची फोड, करटुली, ओली हळद इथे हमखास मिळते. सप्टेंबर 2024 मध्ये मेट्रोचं मंडई स्टेशन सुरू झालं, त्यामुळे पार्किंगचा मनस्ताप गेला. दोघांचं घर असेल, आठवड्यातून एकदा पाच-सहा किलो भाजी लागत असेल, तर मी यार्डाऐवजी मंडईच सांगेन.

आणि तुमच्या भागात शेतकरी आठवडे बाजार भरत असेल तर सगळ्यात आधी तो बघा. 2016 मध्ये फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या झाल्या आणि यार्डाबाहेर थेट विकायची वाट खुली झाली. त्याच वर्षी राज्याने अरणच्या संत सावता माळींच्या नावाने हे बाजार सुरू केले. शेतकऱ्यांचे गट स्वतः टेम्पो घेऊन येतात. भाव यार्डाच्या वर, कोपऱ्याच्या खाली. अर्धा किलोही मिळतं आणि पालेभाजी आदल्या संध्याकाळी काढलेली असते. पैसे पिकवणाऱ्याच्या हातात पडतात याचं मला फार मोल वाटतं. अडचण एकच: वार ठरलेला असतो आणि जे शेतात आहे तेच मिळतं. फक्त विचारून घ्या, "कुठलं शेत?" यार्डातून माल उचलून आणून बसणारेही मधेच दिसतात.

कोपऱ्यावरची गाडी महाग वाटते, पण त्या जास्तीच्या पैशांत काय-काय येतं ते बघा. आमच्या मावशी पहाटे चारला यार्डात असतात. क्रेटच्या तळाचा लगदा त्यांच्या वाट्याला येतो, आपल्या नाही. पावशेर गवार देतात, वर कढीलिंबाची काडी, चार मिरच्या. महिनाअखेरीला उधार ठेवतात. एकट्या माणसाला, नोकरीवरून रात्री आठला परतणाऱ्याला, फ्रीज लहान असलेल्याला हाच सौदा स्वस्त.

दहा मिनिटांत आणून देणाऱ्या अ‍ॅपबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कांदा-टोमॅटोवर कधी खरंच चांगली सूट असते, ती घ्यावी. पण घरपोच आणण्याचे पैसे, पिशवीतलं वजन आणि कमीत कमी रकमेसाठी टाकलेल्या नको असलेल्या वस्तू, हे सगळं धरूनच किलोचा भाव काढा.

खाणावळ किंवा डब्यांचा व्यवसाय असेल तर मात्र रोज यार्डच. दिवसाला 15 किलो भाजी लागते आणि किलोमागे दहा रुपये वाचतात असं धरलं तरी महिन्याला 4,500 होतात, आणि चाळीस ताटांत काही कुजायला वेळच मिळत नाही. चार माणसांच्या घराला हे तेव्हाच जमतं जेव्हा सोबत आणखी तीन-चार घरं आहेत, वाटून घ्यायला कोणाचा तरी व्हरांडा आहे आणि हिशेब त्याच दिवशी चुकता होतो. आमच्याकडे दोन घरं उधारीवरून गळाली, तेव्हापासून पैसे आधी गोळा करतो.

एकट्या घरानेही यार्डात जावं अशी एकच वेळ मला माहीत आहे, ती म्हणजे हापूसची. एप्रिलच्या शेवटापासून आवक वाढते आणि मे महिन्यात भाव उतरतो. पेटी चार ते आठ डझनांची असते, आणि आठवड्याभरात एवढे आंबे खाऊन संपवणं कुठल्याही घराला जड नाही. रत्नागिरी-देवगडच्या शेजारीच कर्नाटकातला आंबाही लागलेला असतो, तेव्हा कुठला ते स्पष्ट विचारा. पेटीचा खालचा थर उघडून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर वाद घालू नका, शेजारी दुसरा गाळा आहे.