हिवाळी मुक्कामासाठी कळसूबाई की हरिश्चंद्रगड?

ठाण्याहून शनिवारी निघून रविवारी परतायचे असेल, तर थंडीतल्या तंबूमुक्कामासाठी आमच्यासमोर नेहमी हेच दोन पर्याय उभे राहतात.

कळसूबाई १६४६ मीटर उंच, म्हणजे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर. उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते, हा हिशेब धरला तर खाडीकाठच्या ठाण्यापेक्षा तिथे सुमारे दहा अंश कमी असणार. मात्र खरा त्रास वाऱ्याचा होतो. माथा लहान आणि उघडा आहे, देवीच्या छोट्या मंदिराखेरीज आडोसा नाही, आणि बेसॉल्टच्या कातळात तंबूच्या खुंट्या शिरत नसल्यामुळे दोऱ्या मोठ्या दगडांना बांधाव्या लागतात. बारी गावातून लोखंडी शिड्यांनी चढताना पाठीवरचे ओझेही जाणवते.

हरिश्चंद्रगड सुमारे १४२० मीटर, पण त्याचे पठार विस्तीर्ण आहे. ठाणेकरांना मुरबाडमार्गे माळशेज घाट ओलांडून पायथ्याचे खिरेश्वर गाव गाठता येते. पाचनई गावाकडची वाट त्याहून सोपी आहे. इथे मंदिराच्या परिसरात जागा निवडता येते, परंतु निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा खोलगट भागात साचते आणि दवाने तंबू भिजतो, म्हणून किंचित उंचवट्यावरच मुक्काम करावा. कोकणकड्याच्या काठाजवळ तंबू लावणे मला मुळीच मान्य नाही.

पहिलाच हिवाळी मुक्काम असलेल्यांना मी हरिश्चंद्रगडच सुचवेन. दोन्ही ठिकाणे अभयारण्यात येत असल्याने वनखात्याचे नियम आधी विचारावेत आणि शेकोटीऐवजी उबदार स्लीपिंग बॅगवर विसंबावे.