नव्या क्लचचे पैसे घेतले, जुनाच रंगवून बसवला

मिशिगनमध्ये आमचं घर दीड एकरावर आहे. एप्रिलअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत गवत कापत राहावं लागतं, आणि ते ढकलायच्या मशीनने उरकणारं काम नाही. म्हणून आठ वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याकडून जुना गार्डन ट्रॅक्टर घेतला. इंजिन अजूनही ठणठणीत आहे. पण गेल्या वर्षी त्याच्या इलेक्ट्रिक क्लचच्या दुरुस्तीत मी 630 डॉलरला फसलो. तुमच्यापैकी कुणाकडे असा जुना ट्रॅक्टर असेल तर त्याच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून सगळं लिहितोय.

आधी हा क्लच म्हणजे काय ते सांगतो, कारण तेच माहीत नव्हतं म्हणून मी फसलो. याचा गिअरशी संबंध नाही. इंजिनच्या शाफ्टच्या खालच्या टोकाला तो बसतो आणि त्याच्या पुलीवरचा पट्टा गवत कापायची पाती फिरवतो. आत तांब्याच्या तारेची कॉइल असते. बटण वर ओढलं की तिला 12 व्होल्ट मिळतात, तिचं चुंबक होतं, लोखंडी चकती ‘टक्’ करून ओढली जाते आणि पाती सुरू होतात. बटण दाबलं की स्प्रिंगा त्याच चकतीला मागे ब्रेकवर दाबतात आणि पाती थांबतात.

माझ्या ट्रॅक्टरचं दुखणं असं होतं: सकाळी गार असताना सगळं व्यवस्थित. पाऊण तास कापल्यावर पाती एकदा बंद केली की परत लागायची नाहीत. तासभर सावलीत उभा ठेवला की पुन्हा सुरू.

जवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने वाकून पाहिलं, बटण दोनदा वरखाली केलं आणि म्हणाला, “कॉइल जळलीय. नवा क्लच टाकावा लागेल.” वीज मोजायचा मीटर काढलासुद्धा नाही. कॉइल जळली असती तर ती सकाळी तरी कशी चालली असती? हा साधा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही, याचं आजही वाईट वाटतं.

चार दिवसांनी ट्रॅक्टर मिळाला. क्लच 420 डॉलर, मजुरी 185, आणि भागावरचा 6 टक्के कर 25 डॉलर 20 सेंट. पावतीवर स्पष्ट ‘नवीन क्लच’. जुना कुठे आहे विचारलं तर म्हणाला, भंगारात गेला. मी मान डोलावली आणि चेक फाडून दिला. साताऱ्याकडे आमच्या गावी विहिरीवरची मोटर दुरुस्तीला दिली तरी बाबा जुनं बेअरिंग मिस्त्रीकडून मागून खिशात घालून आणायचे. हे मी लहानपणापासून पाहिलेलं, आणि इथे येऊन विसरलो.

ते वर्ष निभावलं. यंदा जुलैत पुन्हा तेच, तापला की पाती लागेनात. नवा क्लच चाळीसेक तासांत कसा गेला? या वेळी मी स्वतःच बघायचं ठरवलं. किल्ली काढली, स्पार्क प्लगची वायर सुटी केली (पात्यांजवळ हात घालण्याआधी हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका), पुढची चाकं रॅम्पवर चढवली आणि टॉर्च घेऊन खाली शिरलो.

क्लच काळाभोर आणि चकचकीत दिसत होता. वायरीवरून बोट फिरवत गेलो आणि बोट थांबलं. तीन वर्षांपूर्वी थंडीत उंदराने ती वायर कुरतडली होती. मी डाग देऊन जोडली होती आणि काळी नळी संपली होती म्हणून वर हिरवी हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) चढवली होती. तीच हिरवी नळी तिथे होती, अर्धी काळ्या स्प्रेखाली बुजलेली. क्लचच्या कडेला नख लावलं तर रंगाचा पापुद्रा सुटला आणि आत गंजाचे खड्डे. माझाच जुना क्लच. पोटात गोळा आला.

मग मीटर लावला. कॉइलच्या दोन टोकांमध्ये रोध 2.8 ओहम. कॉइल तुटलेली असती तर मीटरने काहीच दाखवलं नसतं, शॉर्ट असती तर शून्याजवळ आकडा आला असता. म्हणजे कॉइल धडधाकट होती. खरा दोष होता गॅपचा. क्लचच्या कडेला तीन खिडक्या असतात आणि त्यांच्याजवळ स्प्रिंगवर बसलेले तीन नट. खिडकीतून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून चकती आणि ती जिथे चिकटते त्या भागामधली फट मोजायची. माझ्या क्लचला ती 15 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हवी, म्हणजे साधारण 0.38 मिलीमीटर. दोन खिडक्यांत 24 निघाली, तिसरीत 27.

तापल्यावरच का अडायचा, तेही मग उलगडलं. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंश सेल्सिअसला जवळपास 0.4 टक्के. 80 अंशांनी तापलेली कॉइल 2.8 वरून 3.7 ओहमला जाते. सव्वाचार अँपिअरच्या जागी सव्वातीनच अँपिअर वाहतात, चुंबक दुबळं होतं, आणि झिजून रुंद झालेली फट त्याला ओलांडता येत नाही. त्या माणसाने गेल्या वर्षी केलं काय, तर तीन नट थोडे आवळले आणि वर रंग मारला. अर्ध्या तासाचं काम. तेवढ्याचेच पैसे मागितले असते तर मी आनंदाने दिले असते.

तेच नट मी आवळले, तिन्ही खिडक्यांत 15 आणली, आणि अर्ध्या वेगावर क्लच दहा-पंधरा वेळा लावून-सोडून नीट बसवला. खर्च फक्त फीलर गेजचा.

पावती आणि फोटो घेऊन त्याच्याकडे गेलो. आधी म्हणाला, नवा माल असाच येतो. हिरव्या नळीचा फोटो पुढे केला तेव्हा आवाज उतरला. पोराकडून चूक झाली असेल, शंभर डॉलर घे आणि विषय संपव. मी घेतले नाहीत. इथे 7000 डॉलरपर्यंतचा दावा छोट्या दाव्यांच्या कोर्टात वकिलाशिवाय चालतो, तिथे कागद दाखल केले आहेत. तारीख अजून लागायची आहे.

तुम्ही ट्रॅक्टर सोडताना पावतीवर ‘जुना भाग परत द्यावा’ असं लिहून घ्या, आणि क्लचवर खिळ्याने एक खूण ओरखडून ठेवा. कॉइल गेली असं कुणी म्हणालं तर त्याला ओहमचा आकडा विचारा.

मागच्या शनिवारी अर्ध्या तासावर राहणाऱ्या एका काकांचा फोन आला. “अरे, माझा क्लच जळला म्हणतायत, साडेपाचशे सांगितलेत. येऊन बघतोस का जरा?” मीटर घेऊन गेलो. कॉइल 2.9 ओहम, गॅपही बरोबर. बटणाला करंट येतच नव्हता. सीट उचलली तर खालच्या सेफ्टी स्विचचा (सीटवर कुणी बसल्याशिवाय पाती चालू न देणारा स्विच) प्लग हिरवट पडून सैल झाला होता. साफ करून दाबून बसवला. काका सीटवर बसले, मी बटण ओढलं, आणि खालून ‘टक्’ असा आवाज आला.