इशापूरची थ्री-नॉट-थ्री आणि बुजवलेलं भोक

मागच्या ऑक्टोबरमध्ये ओहायोतल्या एका गन शोमध्ये मी ३८० डॉलर रोख मोजून एक थ्री-नॉट-थ्री रायफल घेतली. शनिवारी घेतली आणि रविवारी सकाळी रेंजवर न्यायचं ठरलं होतं. गोळ्यांची चार पाकिटंही आणून ठेवली होती. त्यातली एकही गोळी झाडली गेली नाही, याचं सगळं श्रेय सांगलीत बसलेल्या माझ्या बाबांचं. त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो बघितले नसते तर माझ्या डाव्या हाताचं आणि डोळ्यांचं काय झालं असतं, या विचारानं अजूनही रात्री झोप मोडते.

माझ्या ओळखीतले चार-पाच मराठी जण इथे हौस म्हणून रेंजवर जातात. त्यातले दोघं सध्या अशीच स्वस्तातली जुनी लष्करी रायफल शोधतायत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी या रायफलीच मी का शोधत होतो ते सांगतो. बाबा कॉलेजात शिकवायचे आणि तिथलेच एनसीसी अधिकारी होते. मीही तीन वर्षं कॅडेट होतो. आमचं फायरिंग पॉइंट टू-टूनं व्हायचं, पण 'बाजू शस्त्र', 'सलामी शस्त्र' हे सगळं थ्री-नॉट-थ्रीवर. ब्रिटिशांनी १९०७ साली स्वीकारलेला मार्क थ्री नमुना, आणि तो बंगालमध्ये इशापूरच्या कारखान्यात दशकानुदशकं बनत राहिला. अमेरिकेत जुन्या लष्करी मालाबरोबर या रायफली खूप आल्या. पूर्वी हा सगळा माल अगदी स्वस्त होता. वीस वर्षांपूर्वी रशियन मोसिन-नागां शंभर डॉलरच्या आत मिळायची, आता तिलाही तीन-चारशे पडतात. चांगली थ्री-नॉट-थ्री त्याहून महाग. त्यामुळे ३८० ला इशापूरची, तीही १९४३ची, नंबर जुळणारी, असं कोणी म्हटलं की माझ्यासारख्याचा जीव तिथेच अडकतो. टेबलावर ती आडवी ठेवलेली होती, बटच्या पुढच्या पट्टीवर मुकुट, त्याखाली 'जी.आर.आय.' आणि साल. मी ती उचलली आणि हात आपोआप परेडच्या जागी गेले.

टेबलवाला साठीचा, गोड बोलणारा माणूस. त्यानं सांगितलं, आपल्या वडिलांचा संग्रह आहे, आई आता वृद्धाश्रमात जाणार म्हणून काढतोय. मी काय काय तपासलं तेही सांगतो, कारण मी डोळे झाकून घेतली नव्हती. मी बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता भाग, उघडून मागेपुढे केला, लोण्यासारखा चालला. बोल्टच्या दांड्यामागचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर पडताळला, दोन्ही एकच. नळीत बॅटरी टाकून बघितलं, आटे आरशासारखे चकचकीत. रायफलीवर जाड काळा रंग होता, तो मला खटकला नाही. इशापूरच्या रायफलींवर खरोखरच असा काळा रंग मारलेला असतो. त्याच खऱ्या गोष्टीचा त्यानं आडोसा केला होता.

दोन ठिकाणी मात्र त्यानं मला हळूच वळवलं, हे नंतर लक्षात आलं. नळी बघताना त्यानं बॅटरी स्वतः धरली आणि मला पुढून, तोंडाकडून बघायला लावलं. मागून, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं तिथे, मी बघितलंच नाही. आणि मी वरचं लाकडी हँडगार्ड उचलायला बोट घातलं तेव्हा तो म्हणाला, "जुनं लाकूड आहे, क्लिप तुटेल, घरी तेल लावून सावकाश काढा." मला ते काळजीचं बोलणं वाटलं. खरं तर मार्क थ्रीचं मागचं हँडगार्ड स्प्रिंगच्या क्लिपांवर नुसतं बसवलेलं असतं. बॅकसाइट, म्हणजे नेम धरायची मागची पट्टी, उभी करून ते अर्ध्या मिनिटात निघतं. कारखान्यानं ते तसंच केलंय.

शनिवारी रात्री, म्हणजे तिकडे रविवारी सकाळी, बाबांना फोटो पाठवले. मला वाटलं होतं खूश होतील. पाच मिनिटांत फोन आला. त्यांचा पहिलाच प्रश्न: "बटच्या उजव्या अंगाचा अजून एक फोटो काढ. उजेडात."

काढला. ते म्हणाले, "इथे लाकडाची रेघ तुटतेय बघ. चौकोनी तुकड्यात रेघच नाहीये, नुसता रंग आहे. काहीतरी बुजवलंय."

मग त्यांनी बोल्टच्या दांड्याचा जवळून फोटो मागितला. बाबांनी वीस वर्षं कोतमध्ये, म्हणजे एनसीसीच्या शस्त्रांच्या खोलीत, रायफली जमा करून घेतल्या आहेत. रोज संध्याकाळी प्रत्येक रायफलीचा बॉडी नंबर आणि बोल्ट नंबर जुळवायचा, मगच सही. त्यांची नजर तिथेच गेली. "बॉडीवरचा चार वरून उघडा आहे, बोल्टवरचा चार बंद आहे. आणि दांड्याची मागची बाजू सपाट घासलीय. ती गोल असते. हा नंबर नंतर ठोकलाय." थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "अरे, ही डीपी असेल. गोळी घालू नकोस तिच्यात."

डीपी म्हणजे ड्रिल पर्पज. झिजलेल्या, गोळीबाराला नापास झालेल्या रायफली कवायतीसाठी काढतात आणि त्यांच्यावर डी आणि पी ही अक्षरं ठोकतात, बॉडीवर, नळीच्या बुडाशी, लाकडावर. काहींची फायरिंग पिन कापतात. काहींच्या चेंबरला आरपार भोक पाडतात, म्हणजे चुकूनही कोणी गोळी झाडू नये. मी तीन वर्षं असलीच रायफल खांद्यावर घेऊन चाललो होतो. तरी टेबलावर ती समोर आली तेव्हा मला ओळखू आली नाही.

सोमवारी गावातल्या एका जुन्या गनस्मिथकडे गेलो. त्यानं आधी हँडगार्ड काढलं, मग नळीच्या बुडाशी चिंधीवर ॲसिटोन घेऊन चोळायला लागला. नेलपॉलिश काढायचं तेच. काळा रंग चिंधीवर उतरला, खाली राखाडी पुटीन दिसलं, आणि त्यानं दात कोरायच्या काडीनं ते उकरलं तसं आधी 'डी'चं पोट आणि मग 'पी' वर आला. मी शेजारी उभा होतो. ती दोन अक्षरं इतकी ओळखीची होती की पोटात कालवलं. मग त्यानं खालचं लांब लाकूड सोडवलं. चेंबरच्या डाव्या अंगाला, लाकडाच्या कडेच्या जरा खाली, पेन्सिलच्या जाडीचं भोक होतं. त्यात पितळेची खुंटी ठोकून वर सोल्डर केलं होतं आणि कानशीनं घासून गोलाईला मिळवलं होतं. मागून चेंबरमध्ये बारीक दिवा घातला तर आत भिंतीवर पिवळी टिकली स्वच्छ दिसत होती. टेबलापाशी मी मागून एकदा बघितलं असतं तर मलाही दिसली असती.

थ्री-नॉट-थ्रीची गोळी सुटताना चेंबरमध्ये चौरस इंचाला ४५ हजार पौंडांच्या वर दाब येतो. ती खुंटी गोळीसारखी बाहेर आली असती, तिच्यामागून फुटलेलं काडतूस आणि तापलेला वायू, आणि त्या भोकापासून डावा हात चार बोटांवर.

बोल्टचीही तीच गत. या काडतुसाला बुडाशी कडा असते, आणि त्या कडेला बसायला किती जागा आहे हे गेजनं मोजतात. .०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, .०७४ वर होता कामा नये. माझा बोल्ट .०७४ च्या गेजवर सहज खाली आला. बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा होता. मार्क थ्रीचा बोल्ट ज्या त्या बॉडीला बसवून घेतलेला असतो, म्हणून तर कोतमध्ये नंबर जुळवतात. आणि नळी आरशासारखी का होती, तेही गनस्मिथनं सांगितलं: कवायतीला गेल्यापासून तिच्यातून गोळीच गेली नव्हती. मी ज्याला गुण समजलो तो तिच्या निवृत्तीचा पुरावा होता.

या तपासणीचे त्यानं २५ डॉलर घेतले. ३८० देताना मी हे २५ वाचवायला निघालो होतो.

इथे कवायतीच्या रायफली शोभेसाठी किंवा सुट्या भागांसाठी म्हणून उघडपणे विकल्या जातात, त्यात गैर काही नाही, आणि त्या कमी पैशांत मिळतात. माझ्या माणसानं तशीच एक घेऊन, पुटीन, पितळ आणि रंग लावून दुसऱ्याच मालाच्या भावानं मला दिली. पैशांची फसवणूक मी एक वेळ गिळली असती. पण ही रायफल घेणारा माणूस ती गालाला लावून चाप ओढणार आहे, हे त्याला ठाऊक होतं.

रोख पैसे दिल्यामुळे माझे हात बांधले गेले. ओहायोत एका रहिवाशानं दुसऱ्याला खासगी विक्री केली तर दुकानासारखा फॉर्म ४४७३ आणि पार्श्वभूमीची तपासणी लागत नाही. मला ते सोयीचं वाटलं होतं. त्यामुळेच माझ्याकडे त्याचं नाव नाही, पावती नाही. त्यानं दिलेला फोन नंबर अस्तित्वातच नव्हता. शोच्या आयोजकांनी खासगी टेबलांची जबाबदारी घेत नाही असं सांगितलं. पोलिसांत तक्रार दिली आहे, फोटोंसह. परवानाधारक दुकानातून घेतली असती तर पन्नास-शंभर डॉलर जास्त गेले असते आणि परत न्यायला एक दरवाजा असता.

एक गोष्ट जाता जाता, आपल्या लोकांसाठी गरजेची आहे म्हणून. एच-वन-बीवर असाल तर खासगी टेबलावर कोणी काहीही विचारत नसलं तरी हात लावू नका. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसानं बंदूक बाळगणं संघीय कायद्यानं गुन्हा आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, ते वकिलाकडून समजून घ्या. मी ग्रीन कार्ड आल्यावरच या वाटेला गेलो.

आणि दुसरी: १९६२च्या युद्धानंतर इशापूरनं हीच घडण ७.६२च्या काडतुसासाठी नव्यानं बनवली, टू-ए आणि टू-ए-वन. तिचं मॅगझीन चौकोनी दिसतं. टेबलांवर थ्री-नॉट-थ्री आणि ही ७.६२ची यांची सरमिसळ करून बोलणारे मला तीन जण भेटले. कोणतं काडतूस लागतं हे विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका, रायफलीवर वाचा.

गनस्मिथनं माझ्या समोर नळी चेंबरपाशी करवतीनं कापली. ही पुन्हा कोणाच्या हाती जाऊ नये, असं मीच त्याला म्हटलं होतं. खुंटीसकट तो तुकडा माझ्या टेबलावर आहे.

मी माझी उचलली तेव्हा त्या टेबलावर तशाच काळ्या रंगाच्या आणखी दोन इशापूर होत्या. शेजारच्या टेबलवाल्याला मी नंतर गाठलं, तो म्हणाला, रविवारी दुपारपर्यंत दोन्ही गेल्या. तुमच्यापैकी कोणी, किंवा तुमच्या रेंजवरच्या कोणी, ओहायोत ऑक्टोबरमध्ये अशी रायफल घेतली असेल तर तिच्यात गोळी घालू नका. आज रात्री बॅकसाइट उभी करा, मागचं हँडगार्ड उचला, नळीच्या बुडाशी ॲसिटोन चोळा. मागून चेंबरमध्ये दिवा घालून डाव्या भिंतीवर पिवळी टिकली दिसते का बघा. बोल्टच्या दांड्याचा आणि बटच्या दोन्ही अंगांचा उजेडात फोटो काढून मला पाठवा. बाबा बघून सांगतील.