विकत घेतलेला निवडुंग आणि परत ठेवलेले शार्कचे तेल

गेल्या महिन्यात रत्नागिरीजवळच्या एका रोपवाटिकेतून मी गोल्डन बॅरल जातीचा निवडुंग 350 रुपयांना घेतला, आणि त्याच दिवशी शहरातल्या एका औषधाच्या दुकानात शार्कच्या यकृताच्या तेलाच्या कॅप्सुलांची बाटली हातात घेऊन परत ठेवली. मेक्सिकोतला हा निवडुंग आणि अशा तेलासाठी पकडला जाणारा खोल समुद्रातला गल्पर शार्क आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत ‘संकटग्रस्त’ या एकाच वर्गात आहेत, म्हणून दोन्हींविषयी एकत्र लिहितो.

या निवडुंगाच्या मूळ जागेचा मोठा भाग 1990च्या दशकात सिमापान धरणाच्या पाण्याखाली गेला आणि उरलेल्यांपैकी बरीच झाडे चोरून उपटली गेली. परंतु बियांपासून त्याची रोपे चांगली होतात. रोपवाटिकेच्या मालकांनी मला पेरणीचा ट्रे आवर्जून दाखवला. त्यात वाटाण्याएवढे हिरवे गोळे होते आणि त्यांवर केसांसारखे मऊ, पांढुरके काटे नुकतेच फुटले होते. असे रोप घेतल्याने रानातल्या एकाही झाडाला धक्का लागत नाही. तक्रार एकच आहे, ती मातीची. कुंडीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, फार होते आणि कोकणच्या पावसाळी हवेत ते ओले राहून बुंधा सडवते. मी लगेच जांभ्याची बारीक खडी व जाड वाळू घालून रोप बदलून लावले.

शार्कची अशी रोपवाटिका नाही. इतर बहुतेक माशांना असते तशी हवेची पिशवी शार्कला नसते; तेलाने भरलेले मोठे यकृतच त्याला पाण्यात तोलून धरते, आणि त्या तेलातल्या स्क्वालीन या तेलकट पदार्थासाठी त्याची शिकार होते. गल्पर शार्कची मादी सुमारे दोन वर्षे गर्भ वाहते आणि बहुधा एकच पिल्लू देते, त्यामुळे मारलेल्या माद्यांची जागा भरून निघायला फार काळ लागतो. आपल्याकडे मुशी किंवा मोरी, म्हणजे लहान शार्क, बाजारात येते तेव्हा समोरचा मासा कोणता हे कोळीण तरी सांगते. त्या बाटलीवर मात्र शार्कची जात नव्हती आणि तो कुठल्या समुद्रातला हेही नव्हते. दुकानदारांना विचारले, तर त्यांनाही ते ठाऊक नव्हते. त्वचेसाठी स्क्वालेन (स्क्वालीनपासून बनवलेले, जास्त टिकणारे तेल) हवे असेल तर ते ऑलिव्ह आणि उसापासूनही तयार होते. मी उसापासूनचे मागितले, आणि दुकानदारांनी ते चार दिवसांत मागवून दिले.