एका पुस्तकाला दोन मुखपृष्ठं, आणि दोन्ही बटबटीत : 'एस डबल' विज्ञानकादंबऱ्या

'बटबटीत' हा शब्द मराठीत डोळ्यांनाही लागतो आणि रंगांनाही. १९५०च्या दशकातल्या अमेरिकन विज्ञानकादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांना याहून नेमका शब्द नाही, कारण तिथे दोन्ही एकत्र नांदतात. बाहेर आलेल्या डोळ्यांचा परग्रहावरचा प्राणी त्याआधीच्या मासिकांपासूनच इतक्या वेळा छापला गेला की तिथल्या वाचकांनी त्याला 'बग-आइड मॉन्स्टर' म्हणायला सुरुवात केली आणि आद्याक्षरं जोडून 'बेम' असं नावच पाडलं. या जातीच्या मुखपृष्ठांचा सगळ्यात भरघोस नमुना हवा असेल तर 'एस डबल' हातात घ्यावं. जुन्या पुस्तकांच्या बाजारात ते अजून मिळतं.

वस्तू अशी आहे. १९५२ साली ए. ए. विन यांनी न्यूयॉर्कमध्ये एस बुक्स ही पेपरबॅक प्रकाशनसंस्था काढली. संपादक होते डोनाल्ड वॉलहाइम. तिचं 'एस डबल' म्हणजे एका पुस्तकात दोन कादंबऱ्या, किंमत सुरुवातीला ३५ सेंट. दोन्ही कादंबऱ्या एकाच कण्याला बांधलेल्या, पण एकमेकींना उलट्या. एक कादंबरी मध्यापर्यंत येऊन संपते, पुढचं पान उलटं दिसतं, कारण ते दुसऱ्या कादंबरीचं शेवटचं पान असतं. नेहमीसारखं पान उलटल्यागत पुस्तक पालथं केलंत तर दुसरं मुखपृष्ठ डोक्यावर उभं दिसेल. वरची कड खाली जाईल असं फिरवायचं. मग कणा डावीकडेच राहतो आणि दुसरं चित्र सरळ समोर येतं.

या बांधणीचा परिणाम थेट चित्रांवर झाला. इतर पुस्तकांना मलपृष्ठ असतं, तिथे कथेची ओळख शांतपणे करून देता येते. इथे मलपृष्ठच नाही. दोन्ही बाजू दर्शनी, म्हणून गिऱ्हाइकाला बोलावण्याचं सगळं काम चित्राने आणि नावाने करायचं. स्टॉलवर पुस्तक कोणत्याही बाजूने ठेवलं तरी ते ओरडलंच पाहिजे. दिवाळी अंकांच्या गर्दीत दलाल किंवा मुळगावकरांचं मुखपृष्ठ रस्त्याच्या पलीकडून ओळखू यायचं, तसंच काम या चित्रांकडून अपेक्षित होतं. फरक इतकाच की इथे जागा सव्वाचार इंच बाय साधारण साडेसहा इंच, आणि त्यातला वरचा तिसरा हिस्सा कादंबरीचं नाव, लेखक, किंमत आणि मालिकेचा क्रमांक यांत जातो.

चित्रकाराला खरी जागा उरते ती तळहाताएवढी. त्यात यान, ग्रह, नायक, बहुधा नायिका आणि बेम बसवायचे. सगळी मंडळी खालच्या दोन तृतीयांशात एकमेकांच्या अंगावर का आलेली असतात आणि वर आकाश एवढं रिकामं का असतं, याचं उत्तर या हिशोबात आहे. ती रिकामी जागा अवकाशाची अथांगता दाखवायला सोडलेली नाही, अक्षरांसाठी सोडलेली आहे.

आता चुका. त्यांच्यावर मनसोक्त हसावं, कारण विज्ञानकथेच्या दारावरच विज्ञानाचा असा चेंदामेंदा झालेला दुसरीकडे बघायला मिळत नाही.

पहिला मान काचेच्या हेल्मेटचा. माशांच्या भांड्यासारखा पारदर्शक गोल खांद्यावर नुसता ठेवलेला, गळ्याशी कडी नाही, रबराची चकती नाही, हवेची नळी आलीच तर जिथून सोयीची तिथून. दुसरा मान कपड्यांचा. पुरुष डोक्यापासून बोटांपर्यंत अवकाशपोशाखात, त्याच्याच शेजारी बाई पितळी चोळीत. ही पितळी चोळी आली १९४०च्या दशकातल्या मासिकांतून. 'थ्रिलिंग वंडर स्टोरीज' आणि 'स्टार्टलिंग स्टोरीज' या मासिकांवर अर्ल बर्गी या चित्रकाराने ती इतकी रंगवली की तिचं नाव त्याला कायमचं चिकटलं. निर्वात पोकळीत उघड्या त्वचेचं काय होईल हा प्रश्न चित्रकाराला नव्हता, संपादकाला नव्हता, आणि गिऱ्हाइकाला पडू नये अशी सोय रंगांनी केलेली होती.

मग किरणांची बंदूक. तिच्यातून निघालेला हिरवा किंवा लाल पट्टा बाजूने लखलखीत दिसतो. हवेत धूळ किंवा बाष्प असेल तर प्रकाश विखुरतो आणि पट्टा बाजूने दिसतो. पोकळीत विखुरायला काही नाही, तेव्हा किरण ज्याच्यावर आदळेल तिथला डाग फक्त दिसेल. चंद्रासारख्या हवा नसलेल्या जमिनीवर यान कोसळलं की त्यातून वळणं घेत वर जाणारा काळा धूरही असाच: धूर वर जातो तो भोवतालच्या थंड हवेपेक्षा गरम हवा हलकी असते म्हणून. हवाच नाही तर तो वर कशाला जाईल? काही चित्रांत चंद्रकोरीच्या काळ्या पोटात तारा चमकताना दिसतो. त्या जागी चंद्राचाच न उजळलेला भाग आहे, तारा त्याच्यामागे झाकला जायला हवा.

एक गोष्ट मात्र चूक म्हणून मोजू नये, ती कसब म्हणून बघावी. नायकाच्या एका गालावर तांबडा उजेड आणि दुसऱ्या कडेला निळा किंवा हिरवा. आकाशात सूर्य एकच असतो आणि बाजूला काढलेल्या ग्रहाची उजळ बाजू या दोन्हींशी जुळत नाही. तरीही हे जाणून केलेलं आहे. पुढून उष्ण रंगाचा प्रकाश आणि मागून थंड रंगाची कड दिली की आकृती पार्श्वभूमीपासून सुटून पुढे येते. छोट्या आकारात, स्वस्त छपाईत, पिवळ्या बल्बखाली टांगलेल्या पुस्तकावर माणूस कुठे संपतो आणि राक्षस कुठे सुरू होतो हे कळायचं तर असा उपाय लागतोच. खगोलशास्त्राचा बळी देऊन चित्र वाचनीय केलं आहे, आणि हा सौदा योग्य होता असं स्पष्ट मत आहे.

एड एम्शविलर आणि एड व्हॅलिगर्स्की ही एसची दोन मोठी नावं. एम्शविलर 'एम्श' अशी सही करायचा. १९५३ साली विज्ञानकथेसाठीचे ह्यूगो पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले तेव्हा मुखपृष्ठ-चित्रकाराचा मान त्याला आणि हॅनेस बोक याला विभागून मिळाला. चेहऱ्यांत तो सरस, त्याची माणसं घाबरलेली खरी वाटतात. व्हॅलिगर्स्कीकडे यंत्रं बघावीत: यानांना वजन आहे, धातूवर चकाकी आहे. या सगळ्यांचा पूर्वज फ्रँक आर. पॉल. १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅक यांनी 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचं मासिक काढलं, तेव्हा मुखपृष्ठं पॉलने केली. त्याचं शिक्षण वास्तुकलेचं. त्याची शहरं, मनोरे, यंत्रांचे दांडे डोळे दिपवतात आणि त्यांच्यापुढे उभी असलेली माणसं पुठ्ठ्यातून कापल्यासारखी ताठ. आकाश बेधडक पिवळं किंवा लाल. एस डबलची रंगांची हिंमत तिथूनच आली आहे.

आतल्या मजकुराबद्दल इशारा द्यायला हवा. दोन कादंबऱ्या ठरावीक पानांत बसवायच्या म्हणून मजकुराला बऱ्याचदा कात्री लागलेली असते आणि लेखकाने दिलेलं नाव बदलून मुखपृष्ठाला शोभेलसं दणदणीत नाव घातलेलं असतं. कादंबरी मुळाबरहुकूम वाचायची असेल तर नंतरची स्वतंत्र आवृत्ती घ्यावी. एस डबल घ्यायचं ते चित्रांसाठी.

तुलनेला बॅलन्टाइन ही प्रकाशनसंस्था आहे. तीही १९५२चीच. तिच्या विज्ञानकादंबऱ्यांवर रिचर्ड पॉवर्सने वितळल्यासारखे, हाडांसारखे, नाव न देता येणारे आकार रंगवले. इव्ह टांगीसारख्या अतिवास्तववादी चित्रकारांची छाप त्यावर उघड दिसते. घरात भिंतीवर लावायला पॉवर्स कधीही उजवा. पण दहा फुटांवरून, चालत्या माणसाला थांबवायचं असेल तर एसचा बेम जिंकतो.

विकत घेताना काय बघायचं? आधी रंग. चार रंगांच्या छपाईत किरमिजी आणि पिवळी शाई उन्हाने आधी उडते, निळी आणि काळी टिकते. म्हणून उन्हात राहिलेल्या प्रतीवरचा लालभडक मंगळ फिकट निळसर होतो आणि चित्राचा जीवच जातो. विक्रेत्याने टाकलेल्या फोटोवर विश्वास ठेवू नये, त्यात रंग वाढवता येतात. कण्याचा स्वतंत्र फोटो मागावा आणि मुखपृष्ठाशी ताडून बघावा: कणा फिका आणि दर्शनी बाजू गडद असेल तर प्रत कपाटात उभी होती, कणा तेवढा उजेडात होता. दोन्ही बाजूंचे फोटो हवेतच. पुस्तक नेहमी एका बाजूवर पालथं पडलेलं असतं, त्या बाजूचे कोपरे आणि शाई जास्त घासलेली निघते. भिंगातून बघितलंत तर हेल्मेटच्या कडेला कधी पिवळी किंवा निळी रेघ सुटलेली दिसेल. तो नंतरचा डाग नाही, छापतानाच एक रंग केसभर सरकलेला आहे. त्यासाठी किंमत पाडून मागण्यात अर्थ नाही.

बांधणी शिवलेली नाही, डिंकाची आहे. सत्तर वर्षांत तो डिंक काचेसारखा कडक होतो. पुस्तक पूर्ण उघडून टेबलावर दाबलंत की कणा कडकन मोडतो आणि पानं सुटतात. ९० अंशांपेक्षा जास्त उघडू नये. कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त, म्हणून कडा तपकिरी असणारच. कोपरा दुमडल्यावर तुटत असेल तर मात्र प्रत सोडून द्यावी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कसर आणि बुरशीचा धोका वेगळा. पीव्हीसीची पिशवी वापरू नका, ती कालांतराने चिकट होते. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पिशवी आणि मागे आम्लरहित पुठ्ठा, एवढं पुरतं. फाटलेल्या कडेला सेलोटेप लावलात तर काही वर्षांत तिथे तपकिरी पट्टा उमटेल आणि तो निघणार नाही. लॅमिनेशनचा विचारही नको.

नुसतं चित्र भिंतीवर हवं असणाऱ्यांनी पोस्टरच्या छपाईआधी हिशोब करावा. सव्वाचार इंचाचं मुखपृष्ठ ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केलं की रुंदीला २५५० पिक्सेल मिळतात. १२ इंच रुंद पोस्टरला ३०० डीपीआयने ३६०० लागतात. शिवाय मूळ छपाईतले ठिपके स्कॅनरच्या जाळीशी भिडले की नागमोडी नक्षी उमटते. ठिपके पुसणारा फिल्टर लावला की नक्षी जाते, पण नायिकेच्या डोळ्यांची धारही जाते. आठ इंच रुंदीच्या आत राहा आणि ठिपके तसेच ठेवा.

पुस्तकच फळीवर दर्शनी ठेवणार असाल तर खिडकीसमोरची भिंत टाळा आणि दर सहा महिन्यांनी बाजू बदला. फिरवताना वरची कड खाली, म्हणजे दुसरा राक्षस सरळ उभा राहील.