प्रोसेसर तापतो तेव्हा: मोठा कूलर की पॉवर लिमिट?
निपाणी-चिकोडीकडे मे महिन्यात खोलीच ३५ अंशांवर तापलेली असताना प्राइम९५ या प्रोग्रॅमची, प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी ‘स्मॉल एफएफटी’ चाचणी लावली, की इंटेलचे अनेक प्रोसेसर १०० अंशांच्या मर्यादेला टेकून आपणहून वेग उतरवतात. प्रोसेसरवर मोठा टॉवर कूलर (धातूच्या पात्या आणि पंख्याचा उभा संच) बसवल्यास वेग टिकतो. मात्र कॅबिनेटच्या मागच्या पंख्यापाशी हात धरून झोत जाणवत नसेल, तर तो खर्च पाण्यात गेला म्हणायचा. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) पॉवर लिमिट, म्हणजे प्रोसेसरने किती वीज ओढावी याची मर्यादा, उतरवली, तर दमडीही न मोडता तापमान खाली येते. शेवटच्या थोड्या वेगासाठी व्होल्टेज बरेच चढवावे लागते आणि वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे गमावलेला वेग त्या मानाने किरकोळ असतो. माझा कौल आधी पॉवर लिमिटला. लग्नसराईत रात्रंदिवस व्हिडिओ रेंडर करणाऱ्या बेळगावच्या स्टुडिओवाल्यांनी मात्र कूलरच घ्यावा.